म्हातारपण जपानचे आणि दिंडोरीचे

जपानमध्ये २०२४ साली ६ लाख ८६ हजार मुले जन्मली आणि त्याच वर्षी १६ लाख माणसे वारली. एका वर्षात नऊ लाखांहून जास्त माणसे कमी झाली. २०११ च्या जनगणनेत आपला दिंडोरी तालुका सुमारे तीन लाखांचा होता. म्हणजे दिंडोरीएवढे तीन तालुके एका वर्षात पुसले गेले असे समजा. तिथे दर दहा माणसांत जवळपास तीन माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. शंभरी पार केलेल्यांची संख्या २०२४ मध्ये ९५ हजारांवर गेली आणि त्यांत दहापैकी जवळपास नऊ बायका आहेत.

वस्तीत बैठकीला हे सांगितले की बायका हसतात. "ताई, आपल्याकडे माणसं मावेनात आणि तुम्ही जपानचं काय घेऊन बसलात?" हसणे बरोबर आहे, पण आकडा ऐकून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा जननदर १.७ आला. एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुले होतात, तो हा आकडा. तो २.१ च्या आसपास असला तर लोकसंख्या आहे तेवढी टिकते. जपानचा आकडा २०२४ मध्ये १.१५ होता. आपण त्याच वाटेवर आहोत, काही वर्षे मागे एवढेच.

प्रत्यक्ष माणसे कमी झालेले जिल्हेही महाराष्ट्रात आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गचीही घटली. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे. कमावता माणूस मुंबईला, मागे म्हातारी आणि कुलूप लावलेली घरे, हे कोकणातल्या आपल्या समाजबांधवांना कुणी शिकवायला नको. आता जनगणना २०२७ मध्ये होणार आहे. ती झाली की आपल्या घाटावरच्या गावांचेही खरे चित्र कळेल. २०११ मध्येच महाराष्ट्रात दर दहा माणसांत एक साठीच्या पुढचा होता.

मग जपानमध्ये आणि आपल्यात फरक काय? जपान आधी श्रीमंत झाला आणि मग म्हातारा झाला. आपण आधी म्हातारे होतो आहोत.

जपानने केले काय, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण यातले बरेच आपल्या उपयोगाचे आहे. एप्रिल २००० पासून तिथे शुश्रूषा विमा सुरू झाला. चाळिशी ओलांडली की प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. निम्मा पैसा या हप्त्यांतून आणि निम्मा सरकारी करातून येतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उठता-बसता येईना झाले की पालिकेकडे अर्ज करायचा. मग तपासणीला माणूस घरी येतो. स्वतः उठता येते का, आंघोळ करता येते का, नाव-गाव आठवते का, हे पाहून सात पायऱ्यांपैकी एक पायरी ठरते. त्या पायरीप्रमाणे आंघोळ घालायला बाई येते, नर्स येते, दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात गाडीने नेऊन परत सोडतात, खाट आणि चाकाची खुर्ची भाड्याने मिळते, संडासात धरायला दांडी बसवून मिळते. खर्चाचा दहावा भाग घरच्यांनी द्यायचा, ज्यांची कमाई जास्त त्यांनी थोडा जास्त.

हा कायदा होत असताना तिथे एक वाद झाला. घरच्यांनीच सांभाळले तर सरकारने त्यांना रोख पैसे द्यावेत का? जपानी महिला संघटनांनीच त्याला विरोध केला. रोख पैसे दिले तर सुनेला म्हणतील, पैसे मिळतात ना, मग बस घरात. म्हणून पैसे नकोत, माणूस पाठवा. आम्हाला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो.

जपान म्हणजे स्वर्ग नव्हे, हेही सांगायला हवे. २०२४ मध्ये तिथे ७६ हजार माणसे घरात एकटी असताना वारली आणि त्यांतली तीन चतुर्थांश पासष्टीच्या पुढची होती. काही कित्येक दिवसांनी सापडली. तिथल्या मुली लग्न का टाळतात, मूल का नको म्हणतात, याचेही कारण साधे आहे. नोकरीत रात्री उशिरापर्यंत थांबायचे, घरी येऊन सगळे काम बाईनेच करायचे, आणि मूल झाले की नोकरीत मागे पडायचे. बाईने हिशोब केला आणि नको म्हणाली.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. दिंडोरी द्राक्षाची. मोहाडी, जानोरी, खेडगाव या पट्ट्यातला माल परदेशी जातो. त्या घडाला हात लागतो तो पेठ, सुरगाण्याहून आणि आपल्याच ननाशीकडून आलेल्या आदिवासी बायकांचा, आणि आपल्या वस्त्यांतल्या बायकांचा. ऑक्टोबरची छाटणी, मग विरळणी, मग औषधाच्या पाण्यात एकेक घड बुडवणे, सगळे काम मांडवाखाली हात वर करून आणि मान मागे टाकून. पंचवीस-तीस वर्षे असे काम केलेल्या बाईचा खांदा पन्नाशीतच आखडतो. केस विंचरायला हात वर जात नाही. कागदावर ती अजून ज्येष्ठ नागरिक नसते, पण शरीराने झालेली असते. तिला निवृत्ती नाही, फंड नाही, पगारी रजा तर कधीच नव्हती. टोळीत दम लागला की मुकादम दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये घेत नाही, एवढीच तिची निवृत्ती.

त्यात आपल्याकडे गर्भपिशवी लवकर काढण्याचा प्रकार आहे. पिशवीबरोबर अंडाशयही काढले की हाडे लवकर ठिसूळ होतात. मग साठीत पाय घसरण्याचे निमित्त होते आणि खुबा मोडतो. मोडलेल्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली नाही तर बाई खाटेवरून बहुधा उठत नाही. आम्ही घरभेटीत अशा कितीतरी आया-मावश्या पाहिल्या. खाट गोठ्याशेजारी किंवा पडवीत, कारण घरात जागा नाही. पाणी कमी प्यायचे, कारण संडासला कोण नेणार. आणि सांभाळायला कोण, तर सून, जी सकाळी आठला स्वतः बागेत जाते.

तिला दोष देणाऱ्या कीर्तनांचा आम्हाला कंटाळा आला आहे. सून वाईट, नवी पिढी वाईट, हे म्हणायला सोपे असते. तीनशे-चारशे रुपये रोज बुडवून सासूजवळ बसा म्हणणाऱ्याने आधी तो रोज कुठून आणायचा ते सांगावे. आणि मुलगा का नाही बसत, हेही कुणी विचारत नाही.

दुसरीकडे, आमच्यासारख्याच नर्सिंग शिकलेल्या मुलींना आता परदेशाची बोलावणी आहेत. जानेवारी २०२१ मध्ये भारत-जपान करार झाला, त्यात म्हाताऱ्यांची शुश्रूषा हे कामही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी ठरवले की पाच वर्षांत भारतातून ५० हजार कुशल माणसे जपानला जावीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यात नर्सही आहेत. आपल्या मुली जाऊ द्यात, त्यांनी जरूर जावे. भाषेची परीक्षा द्यावी, करार वकिलाकडून वाचून घ्यावा, आणि नोंदणीकृत नसलेल्या एजंटाला एक रुपया देऊ नये. पण प्रश्न राहतोच. तोक्योतल्या आजीची कूस बदलायला दिंडोरीची मुलगी आहे आणि तिला त्याचा पगार मिळतो. दिंडोरीतल्या आजीची कूस बदलायला पगारी माणूस का नसावा?

असावा, आणि ते परवडते. केरळने २००८ मध्ये धोरण करून अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी जाणारी नर्स ग्रामपंचायतीच्या मदतीने उभी केली. केरळ काही जपान नव्हे. आपल्याकडेही राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१० पासून कागदावर आहे. त्याप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची वेगळी तपासणी व्हायला हवी. आपल्या केंद्रात तो वार कोणता, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. उत्तर आले नाही तर प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. प्रत्येक केंद्रामागे घरोघरी जाणारी एक पगारी नर्स, ही मागणी आपण लावून धरायची आहे. शिकलेल्या मुली घरी बसून आहेत, काम पडून आहे.

हल्ली काही पुढारी वेगळाच उपाय सांगतात. आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी २०२४ मध्ये जास्त मुले होऊ द्या असे आवाहन केले. इतरही सांगत आहेत, तीन होऊ द्या. गंमत अशी की आणीबाणीत १९७६ मध्ये याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते, सुदैवाने त्याचा कायदा झाला नाही. कधी कमी करा, कधी जास्त करा, आणि शरीर मात्र बाईचे. आजही महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांची शंभरात एकाचीही नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी नीट मांडला होता. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मजूर बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बाजूने बोलताना त्यांनी सांगितले की बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांनी तयार केलेले संततिनियमनाच्या ठरावाचे भाषण पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडले. ठराव फेटाळला गेला. त्यांची भूमिका बाईच्या आरोग्याची आणि कुटुंबाच्या दारिद्र्याची होती, डोकी मोजण्याची नव्हती. मूल किती, हे बाईने ठरवायचे आणि आई, मूल, म्हातारे यांचा भार सरकारने उचलायचा. मुले वाढवून म्हातारपण सुटत नाही. पाच मुलांच्या आयाही पडवीत पडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

नर्स येईपर्यंत घरात काय करता येईल ते सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला, रात्रीही जमेल तेवढी. माकडहाड, खुबा, टाचा रोज पाहा. कातडी लाल झाली आणि दाबल्यावरही लाली गेली नाही तर ती जखमेची सुरुवात आहे. तिथे चोळू नका, तेल रगडू नका, हळद भरू नका, त्या जागेवरचा भार काढा. चादर कोरडी आणि सुरकुती नसलेली हवी. जेवण भरवताना बसते करा, झोपवून पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जाते.

चांगली बोलणारी आजी एक-दोन दिवसांत अचानक बडबडायला लागली, माणसे ओळखेना, तर तिला देवऋष्याकडे नेऊ नका. वयस्कर माणसात लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणे, रक्तातली साखर किंवा क्षार कमी होणे, यांनी असे होते आणि उपचाराने ते बहुतेकदा ओसरते. त्याच दिवशी दिंडोरी किंवा वणीच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. हळूहळू, वर्ष-दोन वर्षांत विसरायला होत असेल तर तो स्मृतिभ्रंश असू शकतो, त्यासाठीही तपासणी लागते. अंग बाहेर येत असेल तर बायका लाजेने वर्षानुवर्षे सांगत नाहीत. सांगा. त्यावर उपाय आहे.

पडणे टाळणे हे औषधापेक्षा स्वस्त आहे. संडासच्या वाटेवर रात्री एक दिवा, ओट्याला एक खडबडीत फरशी, भिंतीला धरायला पाइपचा तुकडा. मोतीबिंदू असेल तर तो काढून घ्या, तो सरकारी दवाखान्यात मोफत निघतो.

पैशांचे म्हणाल तर ६५ वर्षे पूर्ण आणि वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेत जुलै २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये आहेत. अर्ज तहसील कार्यालयात होतो. जन्मतारखेचा कागद नसेल तर सरकारी रुग्णालयातून वयाचा दाखला घ्या. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून बँकेत आधी ते तपासा. बागेत आणि मातीत काम केलेल्या बायकांचे ठसे झिजलेले असतात, अंगठा उमटत नाही. अशा वेळी डोळ्यांनी किंवा चेहऱ्याने ओळख पटवून द्यायला सांगा, परत पाठवू देऊ नका. ७० पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड निघते आणि वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातला उपचार मिळतो. मुले सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याप्रमाणे प्रांताधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्ज करता येतो. ज्येष्ठांसाठी मदतीचा फोन १४५६७ हा आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर दोन शिकलेल्या मुलामुलींना टेबल टाकून बसवा आणि वस्तीतल्या साठीपुढच्या सगळ्यांची नावे, वय, आजार, कुठली पेन्शन सुरू आहे, हे एका वहीत उतरवा. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी वही घेऊन जा. सोमवारी त्यातले चार अर्ज घेऊन तहसीलला जा, आणि प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका.