विसरलेला डिसेंबर

गेल्या महिन्यात जुन्या ईमेलमध्ये पीएफचे कागद शोधत होतो, तेव्हा एक एक्सेल फाइल सापडली. नाव ‘किटली ड्युटी’. आत जेमतेम सात ओळी : तारीख, पाळी कोणाची, सकाळी किती वाजता. २१ ते २७ डिसेंबर २०१०.

तो माझ्या पहिल्या ऑनसाइटचा महिना, बर्मिंगहॅममधला. मी तेवीस वर्षांचा, बी.ई. होऊन दीड वर्ष झालेलं. थंडी म्हणजे काय हे इंदूरकराला कोणी शिकवायला नको, अशा समजात गेलो होतो. आपल्याकडची थंडी म्हणजे सराफ्यातले गरमागरम गराडू आणि रात्री दोन रजया. संपलं.

फाइल त्या वेळच्या एका रूममेटला पाठवली. तो अजून तिकडेच असतो. त्याचं उत्तर आलं, “मोठा बर्फ २०१८ साली पडला होता ना? तू तेव्हा कुठे होतास इथे?” म्हणजे जो माणूस माझ्याबरोबर त्या घरात गारठला, तोच विसरला! मग मात्र मी एक रविवार आकडे बघण्यात घालवला.

मध्य इंग्लंडच्या तापमानाची महिनावार नोंद १६५९ पासूनची उपलब्ध आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला, तेच साल. उपकरणांनी मोजलेल्या तापमानाची इतकी लांब सलग मालिका जगात दुसरी नाही. तिथला डिसेंबर एरवी सरासरी ४-५ अंशांचा असतो. २०१० च्या डिसेंबरची सरासरी उणे ०.७. लक्षात घ्या, एखाद्या रात्रीचं हे तापमान नाही, दिवस-रात्र धरून अख्ख्या महिन्याची ही सरासरी आहे. साडेतीनशे वर्षांत याहून थंड डिसेंबर एकच, १८९० चा, आणि तोही ०.१ अंशानेच. उत्तर आयर्लंडमध्ये कॅसलडर्ग इथे २३ तारखेला पारा उणे १८.७ वर गेला, तो त्या प्रांताचा विक्रम.

कारण वाऱ्यात होतं. बर्मिंगहॅम आपल्या नकाशावरच्या अंदाजापेक्षा बरंच उत्तरेला आहे. त्याच अक्षांशावर कॅनडातलं लॅब्राडोर आहे, जिथे हिवाळाभर सगळं गोठलेलं असतं. ब्रिटन त्यातून वाचतं ते अटलांटिकवरून येणाऱ्या पश्चिमेच्या दमट, उबदार वाऱ्यांमुळे. त्या महिन्यात ग्रीनलंडच्या बाजूला हवेच्या जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला, पश्चिमेची वाट अडली आणि उत्तर-पूर्वेकडची गार हवा थेट खाली आली. गंमत म्हणजे तेव्हा पश्चिम ग्रीनलंड नेहमीपेक्षा खूप उबदार होतं, आणि जगाच्या हिशेबात २०१० हे तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षांच्या बरोबरीचं होतं. दिल्लीत धुकं पडलं की “कुठे गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग” म्हणणारे काका आपल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर आहेत. त्यांना हे जरूर पाठवा.

६ तारखेला स्कॉटलंडच्या हमरस्त्यांवर लोकांना गाड्यांत रात्र काढावी लागली, आणि तिथल्या वाहतूकमंत्र्यांनी आठवड्याभरात राजीनामा दिला. १८ तारखेला, शनिवारी, हीथ्रो बंद पडलं, तेही नाताळाच्या ऐन गर्दीत. आम्ही तिघं टीव्हीवर ते बघत होतो आणि आपण उबदार घरात आहोत म्हणून खूश होतो.

रविवारी सकाळी बॉयलर बंद.

तिकडे खोल्या गरम करणारं आणि नळाला गरम पाणी देणारं यंत्र एकच. एजंटला फोन केला, तर दुरुस्तीला माणूस यायला चार दिवस लागणार म्हणाला. रात्री बाहेर उणे दहाच्या आसपास. आम्ही कपाटातले सगळे कपडे अंगावर चढवून पोहे खात बसलो होतो, तेवढ्यात शेजारचे आजोबा दार वाजवून आत आले. वय ऐंशीच्या पुढे. हातात वाफाळती किटली. काही न बोलता मागच्या अंगणात गेले, भिंतीतून बाहेर आलेली बोटाएवढी पांढरी नळी दाखवली आणि तिच्यावर कोमट पाणी ओतलं. “उकळतं ओतू नका, नळी तडकेल,” एवढंच म्हणाले. दहा मिनिटांत बॉयलर सुरू.

नंतर त्यामागचं कारण वाचलं. इंग्लंडमध्ये एप्रिल २००५ पासून नवे बॉयलर वाफेतली उष्णताही परत वापरणारेच बसवावे लागतात. त्यात गॅस वाचतो, पण धूर थंड होताना पाणी साचतं आणि ते थेंब थेंब त्या बारीक नळीतून बाहेर जातं. नळीचं तोंड गोठलं की पाणी मागे तुंबतं आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. १९८६ च्या फेब्रुवारीनंतर असा थंड महिना त्या देशाने पाहिलाच नव्हता. म्हणजे ही रचना अशा महिन्यात कधी तपासलीच गेली नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर बग पहिल्या दिवसापासून होता, तो थेट प्रॉडक्शनमध्ये सापडला.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर आजोबांच्या दारासमोरच्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. बेल वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. अंगात ओव्हरकोट, डोक्यावर टोपी. आत गॅसचा ओव्हन पेटवून, त्याचं दार उघडं ठेवून ते समोर बसले होते. असं बंद घरात बसणं किती धोक्याचं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. आमच्याकडून परत जाताना ते पायरीवर घसरले होते. मनगट सुजलेलं, भरलेली किटली उचलता येईना, आणि त्यांचीही नळी गोठलेली. आम्हाला हाक का मारली नाही विचारलं तर म्हणाले, “तुम्ही कामाची मुलं. आणि हे काही त्रेसष्ट नव्हे.”

त्रेसष्ट म्हणजे १९६२-६३ चा हिवाळा. तिकडचा कोणीही म्हातारा माणूस त्याच्याबद्दल तासभर बोलू शकतो, कारण ती थंडी डिसेंबरअखेर सुरू झाली ती मार्चपर्यंत हटली नाही. २०१० चं तसं नव्हतं. जानेवारी बेताचा गेला, फेब्रुवारी चक्क उबदार. तीन महिन्यांची सरासरी काढली की डिसेंबर त्यात विरघळून जातो. सर्व्हरचा दिवसभराचा आलेख सुरेख दिसतो आणि दुपारी दहा मिनिटं सगळं बंद होतं, हे ज्याला रोज बघावं लागतं त्याला हे लगेच कळेल. वर पाच वर्षांनी, २०१५ साली, त्याच मालिकेतला सर्वांत उबदार डिसेंबर आला : सरासरी ९.७!

तर ती फाइल आजोबांच्या नळीसाठी होती. ऑफिसला निघायच्या आधी एकाने जाऊन पाणी ओतायचं. आठवड्यातून एकदाही पाळी चुकली नाही, आणि हे मी माझ्या त्या रूममेटबद्दल खास लिहितोय, कारण त्यातल्या तीन सकाळ त्याच्या होत्या. नाताळच्या दिवशी तो गेला तेव्हा आजोबांनी त्याला फ्रूट केक दिला आणि आईने मला पाठवलेली शेव आम्ही त्यांना दिली. तिखट लागली, पण संपवली त्यांनी. २७ ला सगळीकडे पाणी ठिबकायला लागलं. उत्तर आयर्लंडमध्ये तर बर्फ वितळल्यावर फुटलेल्या नळ्यांमुळे हजारो घरांना कित्येक दिवस नळाला पाणी नव्हतं. आमच्या गल्लीत मात्र फक्त चिखल झाला.

हे सगळं रूममेटला फोनवर सांगितलं. बराच वेळ तो “हो का, हो का” करत राहिला. मग एकदम म्हणाला, “फ्रूट केक! त्यात दारू होती आणि तू खाल्ला नव्हतास.” आता त्याने तिकडे नवं घर घेतलंय. मी म्हटलं, मागे जाऊन बॉयलरच्या नळीचा फोटो काढ. फोटो आला. जाड नळी आणि तिच्यावर काळं फोमचं आवरण. खाली त्याने लिहिलं होतं, “ही एवढी जाड कशाला केलीय?”