व्हर्च्युअल मशीनसाठी एकच फोल्डर उघडा
हिवरा आश्रमसारख्या गावात लिनक्स वापरणाऱ्यालाही श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेली जुनी पत्रिका उघडायची तर बहुधा विंडोज लागते. मग लिनक्सवर केव्हीएम या व्हर्च्युअलायझेशनच्या सोयीच्या आधाराने विंडोजचे व्हर्च्युअल मशीन उभे राहते आणि फाइल आत-बाहेर कशी न्यायची हा प्रश्न येतो. बरेच जण नेटवर्कवरून फोल्डर वाटून देणारे सांबा लावतात. ते चालते, पण एकाच संगणकातल्या दोन यंत्रणा विनाकारण नेटवर्कवरून बोलतात. पासवर्ड आणि फायरवॉलची उठाठेव वेगळीच. २०१९ साली लिनक्स ५.४ मध्ये आलेले व्हर्टिओएफएस मला अधिक सरळ वाटते. त्यात फाइलची मागणी सामायिक मेमरीतून थेट मूळ लिनक्सकडे जाते. व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या व्हर्ट-मॅनेजरमध्ये सामायिक मेमरीच्या चौकटीत खूण करायची, फाइलसिस्टिम जोडून फोल्डर निवडायचा, त्याला एक नाव द्यायचे. आत लिनक्स असेल तर ते नाव माउंट केले की झाले. विंडोजला मात्र आधी व्हर्टिओचे ड्रायव्हर आणि विनएफएसपी घालावे लागते. ही अडचण खरी आहे, पण एकदाचीच.

याहून वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा. व्हर्च्युअल मशीन वेगळे ठेवण्यासाठीच असते, मग दार का उघडायचे? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच अख्खी होम डिरेक्टरी कधीही देऊ नये. आत व्हायरस शिरला तर आधी घेतलेल्या स्नॅपशॉटने विंडोजची डिस्क मागे नेता येते, पण सामायिक फोल्डर मूळ संगणकावर असतो. तिथल्या बिघडलेल्या फाइली त्या स्नॅपशॉटने परत येत नाहीत. त्या फोल्डरात फक्त प्रती ठेवाव्यात, मूळ फाइली बाहेर.