लोणच्याला प्रोबायोटिक कोणी केलं?

मे महिन्यात औरंगपुऱ्याच्या मंडईत कैरी फोडून देणाऱ्यांचे अडकित्ते चालू झाले, की छत्रपती संभाजीनगरातल्या घरोघरच्या मोबाइलवर एक ठरलेला निरोप येऊन पडतो: घरचं लोणचं म्हणजे देशी प्रोबायोटिक, रोज दोन-चार फोडी खा, आतडी ठणठणीत राहतील. लोणच्याच्या चवीबद्दल कोणाची तक्रार असायचं कारण नाही. पण हा दावा चुकीचा आहे, आणि आहारावर बोलणारी शिकलीसवरलेली माणसंही तो बिनदिक्कत करतात, म्हणून त्याची एकदा नीट झडती घेतलेली बरी.

भाजी आंबते म्हणजे काय होतं? कोबी किंवा गाजर चिरून त्याला वजनाच्या साधारण २ ते २.५ टक्के मीठ चोळायचं, सुटलेल्या पाण्यात ते बुडवून हवेपासून दूर ठेवायचं. एवढ्या मिठात भाजीवर मुळातच असलेले लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू तग धरतात. आधी ल्युकोनोस्टॉक, मग जास्त आंबटपणा सोसणारा लॅक्टोबॅसिलस प्लांटारम, असे ते पाळीपाळीने भाजीतली साखर खातात आणि आम्ल सोडतात. या आम्लामुळे सडवणारे जंतू मागे हटतात. जर्मन साउअरक्राउट, कोरियन किमची आणि उत्तरेतली गाजराची कांजी ही सगळी याच घराण्यातली. आता आपल्या कैरीकडे या. किलोभर फोडींना पाव किलोच्या आसपास मीठ, त्यावर मोहरीची डाळ, हिंग, मेथी, हळद आणि तापवून गार केलेलं तेल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतही खारातलं लोणचं मिठावरच टिकवायचं असेल तर मीठ किमान १२ टक्के लागतं आणि तेलातल्या लोणच्यात फोडींवर अर्धा सेंटिमीटर तेलाचा थर लागतो. ही सगळी तजवीज जिवाणू वाढू नयेत यासाठीच आहे. आंबटपणा तर कैरी सोबत घेऊनच येते. तो कोणा जिवाणूने तयार केलेला नसतो. लिंबाच्या लोणच्याचंही तेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग बरणीत खार सुटतो तो कसा, फोडी मुरतात त्या कशा? मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं आणि मसाला आत शिरतो, त्याला जिवाणूंची गरज लागत नाही. उलट मीठ कमी पडलं किंवा ओला चमचा गेला की बरणीत बुडबुडे येतात, वास बदलतो आणि घरातली जाणती बाई म्हणते, लोणचं फसफसलं, टाकून द्या. म्हणजे जी क्रिया घडते म्हणून लोणच्याचं कौतुक चाललंय, ती घडली की आपण लोणचं बिघडलं म्हणतो! दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. प्रयोगशाळांनी भारतीय लोणच्यांमधून लॅक्टिक जिवाणू वेगळे काढलेले आहेत, ते खोटं कसं म्हणायचं? खोटं नाहीच. पण एखाद्या नमुन्यात जिवाणू सापडणं वेगळं आणि फोडीगणिक ते पुरेशा संख्येने जिवंत पोटात जाणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये ठरवलेली व्याख्या सांगते की पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. फायदा सिद्ध व्हावा लागतो, तोही त्या विशिष्ट वाणाचा. या निकषावर तर सगळी किमचीसुद्धा बसत नाही, लोणचं तर लांबच.

आंबवलेल्या पदार्थांच्या बाजूने पुरावा आहे, पण तो बेताचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात ३६ निरोगी प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे दही, केफिर, किमची, आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ खाणाऱ्या गटात आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि दाह दाखवणारी १९ प्रथिनं घटली. मात्र ही मंडळी दिवसाला सरासरी सहा वाढण्या खात होती. नॉर्वेतल्या २०१८ च्या एका छोट्या प्रयोगात आतड्याच्या चिडखोरपणाचा त्रास असलेल्यांना साउअरक्राउट दिलं, तेव्हा जिवंत जिवाणूंचं आणि पाश्चरीकरण केलेलं, दोन्ही खाणाऱ्यांना आराम पडला. म्हणजे श्रेय जिवाणूंचंच आहे, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. आता दिवसाला सहा वाढण्या लोणच्याच्या करून पाहा. १२ टक्के मिठाच्या लोणच्याची १५ ग्रॅमची फोड म्हणजे १.८ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत. तीन फोडींत ती ओलांडली, भाजी-आमटी बाजूलाच राहिली. रक्तदाबाच्या माणसाला पोटासाठी म्हणून लोणचं वाढवायला सांगणारे हा हिशेब का करत नाहीत, कळत नाही. आणि आज्या-पणज्या रोज खात होत्या म्हणाल, तर त्यांच्या ताटात लोणच्याची फोड एक होती आणि ज्वारीच्या भाकरी दोन-तीन, शिवाय कांदा, डाळ, ताक. आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य त्या भाकरीच्या आणि डाळीच्या चोथ्यात होतं.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. हॉटेलातला लाल सिरका-कांदा आंबवलेला नसतो, आंबलेला असतो तो सिरका. इडली-ढोकळ्याचं पीठ आंबतं, पण वाफेत जिवाणू मरतात. पचायला हलकं होणं हा फायदा तेवढा उरतो. बुरशी वरून काढली की खालचं चालतं, हे साफ खोटं. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांनी जिवंत आंबवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

ज्यांना खरोखर आंबवलेली भाजी खायची आहे, त्यांनी मे महिन्याच्या नादी लागू नये. साउअरक्राउटला १८ ते २२ अंश मानवतात आणि इथे तेव्हा पारा चाळिशीपार असतो. भाजी झपाट्याने आंबून लिबलिबीत होते. डिसेंबर-जानेवारीत गाजरं स्वस्त असतात. किलोभर कापांना २५ ग्रॅम मीठ चोळावं, काचेच्या बरणीत खाराखाली दाबून ठेवावं, वायू निघायला झाकण सैल ठेवावं. चार-सहा दिवसांत आंबट झालं की बरणी फ्रिजमध्ये जाते. खायचं ते तसंच, जेवताना दोन-तीन चमचे. हौसेने वरून कडकडीत फोडणी ओतली, तर जिवाणूंचा कारभार तिथेच आटोपला.