रोजा, मैदान आणि अठराचं वय

रमजान आला की राहुरीत ओळखीच्या माणसांकडून एक प्रश्न हमखास येतो, 'पाणीसुद्धा नाही?' नाही. पहाटे सहेरीची वेळ संपल्यापासून मगरिबच्या अजानपर्यंत थेंबही नाही. दुकानात बसणाऱ्याला, वर्गात शिकवणाऱ्याला हे जमून जातं. पण ज्या मुलाला याच काळात नव्वद मिनिटं फुटबॉल खेळायचा आहे, त्याचं काय?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. व्यावसायिक क्लबांच्या तरुण संघांसाठी रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली, ती 15 एप्रिल 2022 रोजी, गोव्यात. त्या वर्षी रमजान 3 एप्रिलला सुरू झाला होता आणि ईद होती 3 मे रोजी. म्हणजे पहिल्याच हंगामाचा मोठा भाग रोजांच्या दिवसांत, किनाऱ्यावरच्या दमट उन्हाळ्यात खेळला गेला. इंडियन सुपर लीगमधल्या सात क्लबांचे तरुण संघ आणि नवी मुंबईतल्या अकादमीची मुलं, असे आठ संघ होते. बंगळुरू विजेता ठरला, केरळ ब्लास्टर्स उपविजेता. दोन्ही संघांना त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये तिथल्या क्लबांच्या मुलांशी खेळायची संधी मिळाली.

अशी लीग का लागते? सतरा-अठराव्या वर्षी शाळेच्या स्पर्धा संपतात आणि मोठ्या संघात जागा मिळत नाही. चांगले खेळाडू गळतात ते याच वयात. कोणी दुकानावर बसतो, कोणी ट्रक चालवायला लागतो. त्या दोन-तीन वर्षांत नियमित सामने मिळाले, तरच खेळाडू टिकतो. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे व्यावसायिक क्लबांत पोहोचला. प्रत्येक टप्प्यावर पुढची पायरी होती, म्हणून तो चढू शकला.

आपल्या भागातल्या मुलासाठी ही पायरी जवळ नाही. राहुरीला पुणे जवळचं, पण पुणे एफसी 2015 मध्ये बंद झाला, डीएसके शिवाजीयन्स 2017 मध्ये, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये. क्लब बंद पडला की मोठे खेळाडू दुसरीकडे करार करतात, सोळा वर्षांचा मुलगा मात्र घरी परततो. एवढं करून जो मुलगा निवड चाचणीपर्यंत पोहोचतो, त्याची चाचणी नेमकी रमजानमध्ये आली, तर 'रोजा आहे' हे सांगायलाही तो घाबरेल.

जगानं यावर वेगवेगळी उत्तरं काढली आहेत. एप्रिल 2021 मध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात गोलकीकच्या वेळी खेळ क्षणभर थांबला. वीस वर्षांच्या वेस्ली फोफानानं मैदानाच्या कडेला जाऊन रोजा सोडला आणि खेळ पुढे सुरू झाला. दोन्ही कर्णधारांनी आणि पंचांनी हे आधीच ठरवलं होतं. पुढच्या वर्षी जर्मनीतही एका पंचांनी असाच सामना थांबवला. फ्रान्सच्या महासंघानं उलटी वाट धरली. राष्ट्रीय शिबिराच्या दिवसांत रोजे नकोत, नंतर धरा, असं त्यांचं म्हणणं. मार्च 2024 मध्ये महामदू दियावारा हा एकोणीस वर्षांखालच्या संघातला खेळाडू त्यामुळे शिबिर सोडून निघून गेला.

इथं आमच्या घरांतही एक गोष्ट नीट सांगितली गेली पाहिजे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआननं दिली आहे. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करायचे, त्याला आपण कजा म्हणतो. सामन्यासाठी दूर गेलेल्या मुलानं ही सवलत घेतली, तर त्याच्या ईमानावर बोट ठेवण्याचा अधिकार मोहल्ल्यात कुणालाही नाही. आणि ज्यानं रोजा धरला, त्याला 'कमकुवत' ठरवून बाहेर बसवण्याचा अधिकार प्रशिक्षकालाही नाही. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करून शेतात राबणारी माणसं आपण पाहतोच. धरायचा की कजा करायचा, हे त्या मुलानं घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवावं. बाकीच्यांनी त्याची सोय पाहावी. सराव इफ्तारनंतर ठेवता येतो, निवड चाचणी सकाळी लवकर घेता येते, वसतिगृहात सहेरीचं ताट राखून ठेवता येतं. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही.

हा विषय लवकर मिटणाराही नाही. चांद्रवर्ष लहान असल्यानं रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 मध्ये तर तो जानेवारीत एकदा येईल आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. म्हणजे पुढची काही वर्षं रमजान हिवाळ्यात, भारतीय फुटबॉलच्या भर हंगामात असेल. दिवस लहान, ऊन सौम्य, ही त्यातली जमेची बाजू.

भारतीय फुटबॉलला हे नवं शिकायचं नाही. 1962 मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक. त्यांच्या संघात चुनी गोस्वामी होते, जर्नेल सिंग होते, पीटर थंगराज होते, युसूफ खान होते. ज्याचा धर्म त्याच्यापाशी आणि चेंडू सगळ्यांचा, अशी ती टीम होती. राहुरीतून एखादा मुलगा उद्या त्या लीगपर्यंत गेला, तर मगरिबच्या वेळी त्याच्या हातात खजूर आणि पाण्याची बाटली देणारा त्याचा सहकारी कुठल्याही घरातला असू शकेल. मूल इतक्या विश्वासानं मैदानावर पाठवता यावं, एवढीच आईबापांची अपेक्षा असते.