मुक्ताचा निबंध आणि आपल्या मुली

मुलींना का शिकवावे, असा प्रश्न आपल्या बैठकांतून निघाला की बहुधा एकच उत्तर मिळते : आई शिकली की घर सुधारते. मला हे उत्तर अपुरे वाटते. त्यात मुलगी भावी आई म्हणून मोजली जाते. माणूस म्हणून तिची नोंद होत नाही.

१८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मुलगी. वय सुमारे १४ वर्षे, आणि शिक्षण तीनेक वर्षांचे. वेद ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असा जाब तिने विचारला. पण त्याच निबंधात आपल्या बायांच्या बाळंतपणाचे हालही तिने मांडले : डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पाऊस अंगावर. अस्पृश्यतेच्या विचारात बाळंतीण आली, कारण लेखणी मुलीच्या हाती होती. मुलींना शिकवायचे ते यासाठी.

अनुसूचित जातींतील स्त्रियांची साक्षरता १९६१ च्या जनगणनेत शेकडा ३.२९ होती, २०११ मध्ये ती ५६.४६ झाली. वाढ मोठी आहे. मात्र अक्षरओळख म्हणजे जाब विचारण्याइतके शिक्षण नव्हे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतचा. खेड्यातली शाळा पुष्कळदा चौथीला किंवा सातवीलाच संपते. पुढची शाळा परगावी. मुलगा सायकलवर टांग टाकून जातो. मुलीच्या वाट्याला पाणी, धाकटी भावंडे, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागचे घर. आणि मग सोयरीक.

इथे आपणही आरोपी आहोत. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलांच्या लग्नाची घाई करू नका, असे बजावले होते. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारा कार्यकर्ता दहावीच्या आत मुलीची सुपारी फोडतो, तेव्हा सगळा दोष मनूवर ढकलून सुटता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्याने आणि शिक्षकाने सातवी-आठवी झालेल्या मुलींची यादी करावी. त्यांचे दाखले, वसतिगृहाचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे शाळा उघडण्यापूर्वी पुरी करावीत. दिवाळीनंतर ती यादी पुन्हा काढावी आणि कोणते नाव गळाले ते पाहावे. त्या घरी जावे. सुरुवात अर्थातच स्वतःच्या घरापासून.