स्मृतीतील फाइलव्यवस्था आणि तिच्या दोन मर्यादा

संगणकातील फाइली सामान्यतः डिस्कवर राहतात. परंतु त्या रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या कार्यकारी स्मृतीतही ठेवता येतात. तेथे त्यांचे वाचन-लेखन अतिशय जलद होते. वीज जाताच मात्र त्या नाहीशा होतात. अशी फाइलव्यवस्था किती मोठी असू शकेल, हा प्रश्न वरवर पाहता केवळ रॅमच्या आकारमानाचा वाटतो. वस्तुतः तो प्रोसेसरच्या रचनेचाही आहे.

प्रोसेसर स्मृतीतील प्रत्येक स्थान क्रमांकाने ओळखतो. सहा अंकी पिनकोडने ज्याप्रमाणे दहा लाखांहून अधिक स्थाने दर्शविता येत नाहीत, त्याप्रमाणे ३२ बिटांच्या पत्त्याने ४ गिगाबाइटांपलीकडे निर्देश करता येत नाही. इंटेलच्या ३२-बिट प्रोसेसरांवर लिनक्स ही कार्यप्रणाली सामान्यतः त्यांतील ३ गिगाबाइट चालू प्रोग्रॅमना देते व १ गिगाबाइट स्वतःकडे राखते. त्यामुळे सुमारे ८९६ मेगाबाइट स्मृतीच तिला थेट हाताळता येते. १९९५ च्या पेन्टियम प्रो या प्रोसेसरने भौतिक पत्ता ३६ बिटांचा करून ६४ गिगाबाइट रॅम शक्य केली. फाइलींतील मजकूर या वाढीव स्मृतीत मावतो. प्रत्येक फाइलीची नोंद मात्र त्या ८९६ मेगाबाइटांतच ठेवावी लागते. म्हणून असंख्य लहान फाइली झाल्या, तर रॅम शिल्लक असूनही नोंदींना जागा उरत नाही. ६४-बिट प्रोसेसरांवर ही अडचण राहत नाही.

दुसरी मर्यादा प्रत्यक्ष रॅमची. तिचे उदाहरण बंगळुरूतच सापडते. भारतीय विज्ञान संस्थेतील अध्यापक व एन्कोर सॉफ्टवेअरचे अभियंते यांनी २००१ साली सिम्प्युटर हा हातात मावणारा संगणक पुढे आणला. त्यात ३२-बिट स्ट्राँगआर्म प्रोसेसर व लिनक्स होते. रॅम केवळ ३२ वा ६४ मेगाबाइट, आणि हार्ड डिस्क नव्हती. येथे पत्ते विपुल होते, स्मृती तुटपुंजी. लिनक्समधील 'टीएमपीएफएस' ही फाइलव्यवस्था वेगळी सूचना नसल्यास रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकते. ३२ मेगाबाइटांपैकी ती १६ घेईल. निरक्षरांना त्यांच्या भाषेत मजकूर वाचून दाखविणे हा ज्या यंत्राचा एक उद्देश, त्याच्या प्रोग्रॅमना मग उरलेल्या निम्म्यातच भागवावे लागेल.

याहून साधी 'रॅमएफएस' व्यवस्था कोणतीही मर्यादा पाळत नाही. तिच्यातील फाइली वाढत राहिल्या, तर प्रोग्रॅम बंद करूनही ती स्मृती मोकळी होत नाही व अखेर यंत्रच ठप्प होते. पत्त्याची मर्यादा ६४-बिट रचनेने दूर सारली. रॅमच्या वाटणीची मर्यादा मात्र आजही माणसानेच विचारपूर्वक घालावी लागते.