बावखल बुजवण्याआधी

वसईतल्या नंदाखालमध्ये एखाद्या वाडीत नवं घर बांधायचं ठरलं, की पहिली नजर बावखलाकडे जाते. ‘डासांची खाण आहे नुसती, बुजवून टाका, तेवढीच जागा मोकळी होईल.’ हे मी लग्नाच्या मांडवात ऐकलं आहे, देवळाबाहेर ऐकलं आहे, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. आपल्या घराघरांतल्या गैरसमजांमध्ये हा सगळ्यात महागात पडणारा, म्हणून आधी त्याचंच बोलू.

बावखल म्हणजे डबकं नव्हे. वाडीला पाणी मिळावं म्हणून आपल्या वाडवडिलांनी खणलेलं ते छोटं तळं. पावसात ते तुडुंब भरतं, वाहून जाणारं पाणी तिथे थांबतं आणि हळूहळू मुरत आसपासच्या विहिरींना मिळतं. डास होतात ते कचरा टाकून आपण त्याचं गटार केल्यावर. पाणी स्वच्छ ठेवून गप्पी मासे सोडले, की ते डासांच्या अळ्या खातात. डेंगीचा डास तर घरातच वाढतो: उघड्या पिंपात, फ्रीजमागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या बशीत. आठवड्यातून एकदा ही भांडी ओतून, घासून कोरडी करा. डासांवरचा खरा इलाज तो आहे.

‘विहीर खारी झाली, समुद्र पुढे सरकला, आपण काय करणार?’ हा त्याचाच जुळा भाऊ. किनारपट्टीत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते वजनाला हलकं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं, असा भूजलशास्त्राचा ढोबळ हिशेब आहे. उपशाने वरची पातळी जराशी उतरली, की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. म्हणजे टँकर भरभरून पाणी उपसायचं, बावखलं बुजवून मुरणं थांबवायचं आणि दोष समुद्राला द्यायचा, हे बरं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. हा हिरवा पट्टा वाचवण्यासाठी हरित वसईचं आंदोलन त्यांनी उभं केलं. ती हिरवाई या गोड्या पाण्यावरच जगते.

छपरावरचं पाणी ‘असून असून किती असणार’ असं वाटतं ना? १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आपल्याकडे वर्षाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. १०० चौरस मीटरचं छप्पर असेल, तर २ लाख लिटर झाले. वाया जाणारं वजा केलं तरी दीड लाख कुठे गेले नाहीत. पहिल्या एकदोन सरी सोडून द्यायच्या, मग पन्हळीचा पाइप वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीकडे वळवायचा.

आता धुराकडे. सकाळी अंगण झाडलं की पातेऱ्याला काडी लावायची, ‘राख खत होते, धुराने किडे पळतात.’ राखेत पालाश आणि चुना उरतो, हे खरं. पण झाडाला जो नत्र हवा असतो आणि मातीला जो भुसभुशीतपणा हवा असतो, ते दोन्ही धुरात उडून जातं. तो धूर घरातली म्हातारी आणि लेकरं छातीत घेतात. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच ५,००० रुपयांचा दंड ठरवला आहे. तोच पातेरा केळीच्या बुंध्याशी वीतभर जाड पसरा. एप्रिलच्या उन्हात तो हाताने बाजूला करून पाहा: खालची माती गार, ओलसर, गांडुळांनी भरलेली असते.

ओल्या कचऱ्याबद्दलही हेच. ‘वेगळा करून काय उपयोग, गाडीत सगळं एकच होतं’ ही तक्रार अगदीच खोटी नाही. पण ओला कचरा घराबाहेर पडलाच नाही, तर गाडीत मिसळणार काय? कचराभूमीत दबून कुजला, की त्यातून मिथेन निघतो. १०० वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. घरच्या खड्ड्याला वास येतो तो पाणी जास्त झाल्याने. भाजीची साल एक वाटा आणि सुका पाला दोन वाटे घाला, वास येत नाही. बोंबील-कोळंबीचा कचरा मात्र हातभर खोल, माडापाशी पुरायचा, नाहीतर मांजरं उकरतात. मासे धुतलेलं पाणीही माडालाच घाला.

एक शेवटचं, पिशव्यांचं. नवी कापडी पिशवी विकत घेतली म्हणजे पुण्य लागलं असं नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली हिशेब मांडला, तेव्हा हवामानावरच्या परिणामात प्लास्टिकच्या पातळ पिशवीला मागे टाकायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, असं दिसलं. म्हणून घरातल्या जुन्या साडीची शिवा आणि फाटेस्तोवर वापरा.

आणि तुमच्या वाडीत बावखल असेल, तर या मे महिन्यात घरच्या सगळ्यांनी मिळून त्यातला गाळ काढा, तो केळींना घाला. बुजवायचा विचार चालला असेल, तर कृपा करून थांबा. त्या बावखलावर तुमचीच नव्हे, शेजाऱ्याची विहीरही जगते आहे.